पन्हाळीकडचा कोपरा

हरिओम पूलच्या टेबलाजवळ आला की चपला काढायचा. जिन्यात नाही, वर येऊन टेबलाजवळ.

क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला चॉक लावताना तो चॉक फिरवायचा नाही. चॉक धरून ठेवायचा आणि क्यू फिरवायचा.

चहा अर्धा प्यायचा. उरलेला समोरच्याला द्यायचा, आणि समोरचा नको म्हणाला की कपाकडे बघत बसायचा.

वडिलांचा फोन आला की उभा राहायचा. वडील तिकडे कुठल्या तरी माळावर मेंढरांमागे, हा इकडे वडवणीत. तरी उभा राहायचा.

पांढरा बॉल जरा जोरात सुटला की तो जिभेने टाळूवर एक आवाज काढायचा. मेंढरू कळपातून फुटून चाललं की काढतात तसा. आपण असा आवाज काढतो हे त्याला माहीत नव्हतं. मी एकदा सांगितलं.

"थांबतोय का पन बॉल?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, न्हाई.

"मंग काढत नसंन."

जिंकल्यावर तो हात मिळवायचा नाही. हरलेल्याच्या हातातून क्यू घ्यायचा आणि स्वतः नेऊन भिंतीला लावून ठेवायचा. कुणाला ते अपमानासारखं वाटायचं. तसं काही नव्हतं. क्यू खाली पडून वाकतो, एवढंच त्याच्या मनात असायचं.

तो जाऊन दीड महिना झाला. मी मराठी घेऊन बीए केलं, मग एमए केलं. शोकाबद्दल परीक्षेत पानंच्या पानं लिहिली, मार्कही मिळाले. त्यातलं काही आता हाताला लागत नाही. म्हणून जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहितो.

वडवणीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आप्पारावांची इमारत आहे. खाली त्यांचंच खताचं दुकान, त्यावर शिकवणीचे वर्ग, आणि गच्चीवर पत्रे ठोकून केलेलं 'तेजश्री पूल पार्लर'. तेजश्री ही आप्पारावांची मुलगी. ती पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिचं सामान पोचवायला आप्पारावांनी टेम्पो नेला होता. परत येताना टेम्पो रिकामा आणणं त्यांच्या जिवाला लागलं. तिथला कुठला तरी क्लब बंद पडला होता, त्याचं जुनं पूलचं टेबल मिळत होतं. ते घालून आणलं. वडवणीत पूल येण्यामागे दुसरं काही कारण नाही.

टेबलाच्या हिरव्या कापडाखाली दगडी फळ्या असतात. त्या धान्याच्या मोंढ्यातल्या हमालांनी दोराने बांधून जिन्याने वर चढवल्या. गावातल्या सुताराने ते सगळं जोडलं. चार पाय गच्चीवर टेकले, आणि काम झालं असं सगळ्यांना वाटलं.

पण गच्ची म्हणजे काही खोलीतली फरशी नव्हे. आमच्याकडे गच्ची बांधताना तिला उतार देतात. पावसाचं पाणी एका कोपऱ्यात यावं आणि पन्हाळीतून खाली पडावं म्हणून. धोंडीराम मिस्त्रींनी ही इमारत बांधली तेव्हा असा उतार दिला होता, आणि चोख दिला होता. आप्पारावांनी वर पत्रे टाकले. पाणी यायचं थांबलं. उतार राहिला.

म्हणजे टेबल पन्हाळीकडे झुकलेलं होतं. डोळ्यांना दिसायचं नाही. बॉलला दिसायचं. हळू मारलेला बॉल सरळ निघायचा आणि शेवटी मन बदलल्यासारखा त्या कोपऱ्याकडे वळायचा. पोरांनी त्या कोपऱ्यातल्या पॉकेटला, म्हणजे बॉल पडायच्या भोकाला, नावच ठेवलं होतं, पन्हाळ. "पन्हाळीत घाल की बे," असं म्हणायचे. सगळ्यांनी खेळ शिकला तो याच टेबलावर. दुसरं टेबल कुणी बघितलं नव्हतं. मोबाइलवर मोठ्या खेळाडूंचे सामने बघायचे आणि म्हणायचे, यांचे बॉल वळत कसे न्हाईत.

हरिओम त्या उताराचा राजा होता.

आम्ही अकरावी-बारावी एका बाकावर बसलो. त्याचं घर वडवणीच्या बाहेर माळावर आहे, दोन खोल्या आणि पुढे मेंढरांचा मोठा वाडगा. वडील म्हाळू वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन बाहेर असतात. घरी आई दगडाबाई. हरिओम हे नाव म्हाळूंनी एका सप्त्यात ऐकलं आणि पोराला ठेवलं. गावात निम्मे लोक त्याला बघून हात जोडून "हरिओम" म्हणायचे. तो "बोला" म्हणायचा. या विनोदाचा त्याला कंटाळा आला होता, पण उत्तर द्यायचं कधी चुकवलं नाही.

बारावीनंतर मी बीडला कॉलेजला गेलो. तो मोंढ्यात पेंडीच्या दुकानात लागला. मी शिकून परत आलो, कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागलो, तेव्हा गावात हरिओमचं नाव झालेलं होतं. मला गावात ओळखायचे ते 'हरिओमचा दोस्त' म्हणून. तो मला 'बीए' म्हणायचा. एमए झाल्यावरही बीएच. मी तक्रार केली तर म्हणाला, पहिलं नाव पहिलं असतं.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं. तेव्हा तो वर यायचा. अंगाला सरकीच्या पेंडीचा वास. चपला काढायचा आणि टेबलाभोवती एक फेरी मारायचा. मग मारायचा. तो बॉल कधी पॉकेटच्या रोखाने मारत नसे. बाजूला मारायचा, बघणाऱ्याला वाटावं चुकला. बॉल जायचा, जायचा, आणि वळून आत पडायचा. किती जोराला किती वळेल हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. बीडहून, माजलगावहून पोरं यायची. चौसाळ्याचा एक जण तर स्वतःचा क्यू पेटीत घालून यायचा. सगळे हरायचे. हरून खाली चहाच्या गाड्यावर बसायचे, टेबलाला शिव्या द्यायचे आणि पुढच्या आठवड्यात परत यायचे.

आप्पाराव खुर्चीवर बसून हे बघायचे. त्यांना पूल कळत नव्हता. बाहेरगावची पोरं पडलेल्या तोंडाने जिना उतरतात, हे त्यांना कळायचं आणि आवडायचं.

गेल्या जानेवारीत संभाजीनगरला स्पर्धा होती. नाव मीच नोंदवलं, मोबाइलवरून. हरिओमने पेंडीच्या दुकानातून एक दिवस सुट्टी मागितली. आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. क्यू त्याने आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून मांडीवर आडवा धरला होता. कंडक्टरने बासरी आहे का विचारलं. हरिओम म्हणाला, व्हय, मोठी.

हॉल बंद काचांचा होता, गार. टेबलं एकसारखी, ओळीने. हरिओमने चपला काढल्या. तिथल्या माणसाने बूट घालावे लागतील म्हणून सांगितलं. बूट नव्हते. मी माझे दिले. त्याला ते एक नंबर मोठे होत होते.

समोर एक कॉलेजचा मुलगा होता. साधाच खेळत होता, हे मलाही कळलं. हरिओमने पहिला बॉल मारला, त्याच्या पद्धतीने, बाजूला. बॉल गेला आणि बाजूलाच गेला. वळला नाही. हरिओम बघत राहिला. दुसरा मारला. तोही तसाच. मग त्याने सरळ मारायचा प्रयत्न केला. पण हाताला सवय होती. डोळा सरळ सांगायचा, हात शेवटच्या क्षणी उतार धरायचा. पहिल्याच फेरीत तो बाहेर पडला. मुलाने हात पुढे केला. हरिओमने त्याच्या हातातला क्यू घेतला आणि भिंतीला लावून ठेवला. मुलगा गोंधळला.

निघताना हरिओम एका रिकाम्या टेबलापाशी थांबला. एक बॉल मधोमध ठेवला आणि हात काढून घेतला. बॉल जागेवर राहिला. तो खूप वेळ त्या बॉलकडे बघत होता. तिथला माणूस म्हणाला, दादा, टेबल बुक आहे.

परतीच्या एसटीत बसलो. गेवराईला गाडी थांबली. आम्ही खाली उतरून चहा घेतला. त्याने अर्धा कप मला दिला. मी घेतला. मग तो म्हणाला,

"बीए, एक सांग. मला खेळता येतं, का मला नुसतं आप्पाचं टेबल येतं?"

मी म्हटलं, एका दिवसात काय कळतं, जागा नवी होती, बूट माझे होते.

"बुटाचं जाऊ दे. मी इचारलं त्याचं सांग."

मी शिकवतो त्या विषयात प्रश्नाला चार बाजूंनी उत्तर देता येतं. याला एकच उत्तर होतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. गाडीने हॉर्न दिला. आम्ही चढलो.

दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये पोरांनी त्याला धरलं. कुणी म्हणालं, वाघ बाहेर गेल्ता अन् मांजर होऊन आला. तो हसला. मग त्याने आप्पारावांना सांगितलं, टेबल सरळ करायचं.

त्याला इतका विरोध होईल असं मला वाटलं नव्हतं. आप्पाराव म्हणाले की बाहेरची पोरं इथं हरतात म्हणून तर येतात, सरळ टेबल काय बीडमध्येही असेल. पण जास्त बोंब पोरांनी मारली. अजिनाथ नावाचा एक जण आहे, टायरच्या दुकानातला. हरिओमच्या खालोखाल त्याचा नंबर. तो तर भांडायलाच उठला.

"आमी चार-पाच वर्सं घातली ह्या उतारात. तू सरळ करनार अन् आमी काय परत अ आ इ पासून शिकायचं का बे?"

"मी पन शिकंन की तुमच्याबरोबर."

"तुला कावून शिकायचंय पन? तू तर जिंकतोस."

हरिओमने क्यू पुसला आणि दुकानात निघून गेला. जिंकणाऱ्यालाच ते टेबल नकोसं झालंय, हे कुणाला पटत नव्हतं. त्याला गावात कुणाला हरवायचं नव्हतं. त्याला फक्त कळून घ्यायचं होतं. सरळ टेबलावर महिना-दोन महिने खेळायचं, हात कोरा करायचा आणि मग बघायचं, राहतं का काही. हे तो मला एकट्याला बोलला होता. काहीच राहिलं नाही तर, असं मी विचारलं. तर पेंड विकीन, म्हणाला.

पाडव्याला तेजश्री गावी आली. ती आता पुण्यात नोकरी करते. सहज म्हणून गच्चीवर आली, टेबलावर एक बॉल ठेवला, तो तिच्या डोळ्यांदेखत पन्हाळीकडे निघाला. ती हसत सुटली. खाली जाऊन वडिलांना म्हणाली, आप्पा, एक तर ते सरळ करा नाहीतर पाटीवरचं माझं नाव काढा, मैत्रिणींना फोटो दाखवलेत मी. आप्पाराव हरिओमचं ऐकत नव्हते, भाऊबंदांचं ऐकत नव्हते. मुलीचं ऐकलं. लग्नसराईत तसंही कुणी येत नाही, तेवढ्यात करा म्हणाले. मात्र बाहेर कुठं बोलायचं नाही.

धोंडीराम मिस्त्रींना बोलावणं धाडलं. म्हातारे झालेत, पण काम सोडलेलं नाही. हरिओमने उताराचं सांगितल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"उतार माझा हाय. चुकला म्हनतो का तू?"

"उतार बरोबर हाय मिस्त्री. टेबल चुकलंय."

"मंग टेबलाला बोल. माझ्या गच्चीला कावून बोलतो?"

त्यांनी घागरीतलं तांब्याभर पाणी घेतलं, पत्र्याच्या कडेला उघड्या गच्चीवर ओतलं आणि आम्हाला बघायला लावलं. पाणी कुठे न थांबता पन्हाळीला जाऊन पोचलं. आम्ही माना डोलावल्या. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. मग त्यांनी पाणसळ काढली. काचेच्या नळीतला बुडबुडा मधे आला की जागा सपाट, ते गवंड्याचं साधन. टेबलावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. मिस्त्री बराच वेळ वाकून बघत होते.

"लई सुंदर उतार दिलता मी," ते म्हणाले.

काम असं ठरलं. सगळ्यात उंचावरचा पाय आहे तसा ठेवायचा. बाकीच्या तीन पायांखाली काँक्रीटचे ठोकळे द्यायचे, प्रत्येकाची उंची वेगळी. फरशीचे तुकडे घातले तर या वजनाला तडकतील, असं मिस्त्रींचं म्हणणं. लाकडी साचा केला. पेंडीच्या दुकानाच्या टेम्पोचा जॅक हरिओमने मागून आणला, तेलाचा, दांडा मारून वर चढणारा. एक पाय उचलायचा, ठोकळा सरकवायचा, पाय टेकवायचा.

ठोकळा ओतला की तो पाण्यात ठेवावा लागतो, नाहीतर कच्चा राहतो. हरिओम रोज दुपारी येऊन ड्रममधलं पाणी बघायचा. मी विरोधात असलेल्या पोरांनाही तिथे बघितलं. अजिनाथ "बघायला आलो" म्हणून यायचा आणि जॅकचा दांडा मारायचा. मारताना हरिओमला शिव्या द्यायचा.

दोन ठोकळे नीट बसले. तिसरा पन्हाळीकडचा, सगळ्यात उंच. तो ओतून, पाण्यात ठेवून, तयार करून आणला आणि पायाखाली सरकवला तर बोटभर कमी पडला. पहिले दोन बसल्यावर माप बदललं होतं. मिस्त्री म्हणाले, नवा ओतू. हरिओमने तो कोपरा जॅकवरच ठेवला. पाणसळ टेबलावर ठेवून दांडा मारत गेला, बुडबुडा मधे आला तसा थांबला. मग जमिनीपासून पायापर्यंतचं अंतर दोरीने मापून दोरीला गाठ मारली आणि दोरी मिस्त्रींना दिली.

त्या वेळी गच्चीवर आम्ही तिघंच होतो. टेबल सरळ होतं. पहिल्यांदा. हरिओमने एक बॉल मधोमध ठेवला. बॉल जागेवर राहिला. मी क्यू आणून त्याच्यापुढे धरला.

"मार एक."

"जॅकवर न्हाई."

"एक मार. बघू तर."

"जॅक बसतो हळूहळू. मारला अन् चुकला, तर माझा हात चुकला का जॅक, कसं कळंन? ठोकळा बसू दे. मंग पहिला मी मारनार. तवर कुनी मारायचा न्हाई."

त्याने बॉल उचलून बॉल रचायच्या त्रिकोणात ठेवला आणि टेबलावर प्लास्टिक अंथरलं.

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. तो उभाच होता. म्हाळूंना चार दिवसांपासून ताप होता. मेंढरं कडा गावच्या शिवारात होती. ऊस निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात, शेतकऱ्याशी तसं बोलणं झालेलं होतं, मधेच सोडून येता येत नव्हतं. हरिओमने जायचं आणि म्हाळूंनी घरी येऊन पडायचं, असं ठरलं. त्याने दुकानात सांगितलं. जाताना मला म्हणाला, आठ दिवसांत येतो, मिस्त्रीला ठोकळा ओतू देऊ नको, मी असताना ओतायचा. मी बरं म्हटलं. एसटीच्या खिडकीतून त्याने हात बाहेर काढला. हलवला नाही, नुसता बाहेर ठेवला. ऊन लागत होतं का बघत असेल.

तिकडून एकदा फोन आला. मेंढरं बरी आहेत, शेतकरी चांगला आहे, दोन्ही वेळा भाकरी देतो. रेंज जात होती. ठोकळ्याचं त्याने विचारलं.

मग एका दुपारी आभाळ आलं. बेमोसमी. कड्याकडे वारा सुटला, पाऊस फारसा पडला नाही. मेंढरं लिंबाच्या झाडाखाली गोळा झाली होती आणि तो त्यांच्यात उभा होता. वीज झाडावर पडली.

मला अजिनाथने सांगितलं. तो कॉलेजवर आला, वर्गाच्या दारात उभा राहिला आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला. मुलांना वाटलं, मला कुणी भेटायला आलंय. मी पण तेच समजून हसलो.

रात्रीतून गाडी करून त्याला आणलं. सकाळी माती झाली. माळावर माणसं मावत नव्हती. चौसाळ्याचा तो पेटीवाला आला होता, माजलगावची पोरं आली होती. ती कोण हे त्याच्या भावकीतल्या कुणाला कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, वीज पडून मेंढपाळ तरुणाचा मृत्यू, काही मेंढ्याही दगावल्या. ते खरंच होतं. मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. तीत हरिओम कुठे सापडत नव्हता.

दहावं झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. म्हाळू वाडग्यात बसले होते. ताप गेला होता. ते माझ्याशी बोलले नाहीत, मेंढरांशी पण नाही. आत दगडाबाईंनी चहा केला. हरिओमचा क्यू कोपऱ्यात उभा होता, लुगड्याच्या फडक्यात. त्यांनी तो कधी उघडून बघितला नसावा. त्यांनी त्याला खेळतानाही कधी बघितलं नव्हतं.

"तुमी संगं असायचे. लई चांगला खेळायचा का त्यो?"

"लई चांगला, मावशी."

"कुनापरीस?"

मी म्हटलं, इथल्या सगळ्यांपरीस.

त्यांनी मान हलवली. चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "तिकडं हारून आलता तर मला सांगितलं त्यानं. म्हनला, माय, तिथलं टेबल सरळ व्हतं." त्यांनी लाकूड पुन्हा आत सारलं. "सरळ टेबलावर खेळ आला असता का त्याला?"

बाहेर मेंढरं ओरडत होती. मी कपाकडे बघत होतो. हो म्हणणं सोपं होतं. त्यांनाही ते चाललं असतं. पण हाच प्रश्न त्याने गेवराईला मला विचारला होता आणि त्याने माझ्याकडून खोटं घेतलं नव्हतं.

"माहीत न्हाई, मावशी."

"त्याला बी माहीत न्हवतं मंग."

"न्हाई."

त्यांनी कप उचलला आणि धुवायला नेला. मला वाटलं आता रडतील. त्या रडल्या नाहीत. नुसतं पाणी पडल्याचा आवाज आला. मी बराच वेळ तिथे बसलो. आता दुपारी कुठे जायचं असतं हे मला आठवत नव्हतं.

नंतर पार्लरला जायला मला काही दिवस लागले. वर गेलो तर आप्पाराव एकटेच खुर्चीवर होते. पोरं येत नाहीत. आली तर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसतात, मोबाइल बघतात आणि जातात. टेबलावरचं प्लास्टिक तसंच. पेंडीच्या दुकानाच्या मालकाने जॅक परत मागितला होता, त्यांचा टेम्पो त्याच्याविना अडला होता. आप्पारावांनी बीडहून नवा जॅक आणून त्यांना दिला. जुना इथेच राहू दिला.

तेलाचा जॅक एका जागी थांबत नाही. रोज जरासा खाली बसतो. आप्पाराव सकाळी दुकान उघडायच्या आधी वर येतात, प्लास्टिक बाजूला करतात, पाणसळ टेबलावर ठेवतात. त्यांनी ती धोंडीराम मिस्त्रींकडून मागून घेतली आहे. चष्मा लावून बुडबुडा बघतात. मग गुडघ्यावर हात ठेवून खाली बसतात आणि दांडा मारतात, बुडबुडा मधे येईपर्यंत. मी एकदा त्यांना म्हटलं, रोज कशाला, मिस्त्रींना सांगून ठोकळा ओतून घेऊ, आठ-दहा दिवसांचं काम आहे. आप्पाराव म्हणाले, बघू. मिस्त्रींना विचारलं, तर तेही म्हणाले, बघू. दोरी त्यांनी खिळ्याला टांगून ठेवली आहे. अजिनाथ म्हणाला, ठोकळा बसला तर पहिला कुनी मारायचा, ते आधी सांग.

साचा भिंतीला उभा आहे. वाळू घमेल्यात आहे. सिमेंटचं पोतं एका कोपऱ्यात फाडलेलं होतं, त्यात ओल शिरून ते घट्ट झालंय, आता नवं आणावं लागेल. तिसरा ठोकळा ओतायचा राहिला आहे.